उद्यापासून नक्की: कॉलेजच्या अभ्यासातली चालढकल मोडायची कशी

सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुणी पेन ड्राइव्ह पुढे करतोय, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून पीडीएफ पाठवतोय, कुणी काउंटरवरच जर्नलची अनुक्रमणिका भरतोय. तारखांच्या रकान्यात दहा प्रयोगांना दहा वेगळ्या तारखा, पण शाई एकाच पेनाची आणि अक्षर एकाच बैठकीचं. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. असं जर्नल हातात आलं की पहिल्या पानावरच कळतं. तरी सही करतो, कारण मला फार बोलायला तोंड नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट रिपोर्ट मी दोनदा मुदत मागून घेऊन दिला. सगळी निरीक्षणं डिसेंबरातच हातात होती. एप्रिलपर्यंत त्या फोल्डरला हात लावला नाही. त्या काळात मी खोली तीनदा आवरली, सायकलची चेन रॉकेलने धुतली आणि मित्राच्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला तळेगावपर्यंत जाऊन आलो. आळशी माणूस एवढी कामं करतो का? म्हणून या लेखात ‘आळस झटका’ असा उपदेश नाही. चालढकल हा वेगळा आजार आहे आणि त्यावरचं औषधही वेगळं आहे.

आळस नव्हे, सुटका

अभ्यासक ज्याला चालढकल म्हणतात त्यात एक अट आहे: पुढे ढकलल्याने आपलंच नुकसान होणार हे माहीत असूनही ढकलणं. घरी आजारी माणूस आहे म्हणून असाइनमेंट दोन दिवस मागे ठेवलीत, तर ती चालढकल नाही. कॅल्गरी विद्यापीठातले पिअर्स स्टील यांनी २००७ साली तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यात चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: काम नकोसं असणं, त्याचं फळ लांब असणं, ‘मला हे जमेल’ हा भरवसा कमी असणं आणि स्वभावातला उतावीळपणा. ‘मी परफेक्शनिस्ट आहे ना, म्हणून उशीर होतो’ या लाडक्या कारणाला मात्र तिथे फारसा आधार मिळाला नाही. हे वाचलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं. माझंही कारण तेच होतं.

फ्यूशा सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ साली मांडलेला मुद्दा मला सगळ्यांत पटतो. फाईल उघडायची म्हटलं की पोटात गोळा येतो, फाईल बंद केली की गोळा जातो. मन त्या सुटकेला चटावतं. वेळेचं नियोजन चुकलंय असं वरून दिसतं, पण खरं तर आपण त्या क्षणाची नकोशी भावना टाळत असतो. म्हणूनच रंगीत स्केचपेनांनी आखलेलं टाइमटेबल तिसऱ्या दिवशी भिंतीवर नुसतं लटकत राहतं. त्यात तास असतात, पोटातल्या गोळ्यावर काहीच नसतं.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगून ठेवतो. लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ४६ टक्क्यांनी सांगितलं की सेमिस्टरचा निबंध लिहिताना ते जवळजवळ नेहमी चालढकल करतात. परीक्षेच्या अभ्यासाबाबत हेच म्हणणारे २७.६ टक्के होते. म्हणजे वाचण्यापेक्षा लिहिणं जास्त टाळलं जातं. आपल्याकडे जर्नलं आणि रिपोर्ट का तुंबतात, ते यावरून कळावं.

आणि ‘मला प्रेशरमध्येच चांगलं जमतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालढकल करणारे विद्यार्थी सेमिस्टरच्या सुरुवातीला खरोखरच इतरांपेक्षा निवांत आणि तब्येतीनेही ठीक होते. शेवटी गणित उलटलं. ताण आणि दुखणी दोन्ही वाढली, आणि सुरुवातीला वाचलेल्या त्रासापेक्षा शेवटचा त्रास जास्त भरला. मार्कही कमी पडले.

पायरी १: चार दिवस नुसतं बघा

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा. टाळलेलं काम, त्या क्षणी काय वाटलं, आणि त्याऐवजी काय केलं. चार दिवस फक्त नोंद करायची, सुधारायचं काही नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली नोंद अशी होती: ‘मंगळवार, रात्री ९.४०. थर्मोचा दुसरा नियम. पहिल्या पॅराग्राफमध्ये चार शब्द अडले. लाज वाटली. रील्स, ५० मिनिटं.’ पोरगा बारावीपर्यंत बऱ्यापैकी मराठीत शिकलेला, आता सगळी पुस्तकं इंग्रजीत. तो स्वतःला आळशी समजत होता. घरचे तर समजतच होते. अडचण होती ती त्या चार शब्दांची आणि त्यांच्यामागून येणाऱ्या लाजेची. आम्ही एवढंच ठरवलं की नवा धडा आधी मराठीत, आपल्या शब्दांत, अर्ध्या पानात लिहायचा. अडलेले शब्द शेवटच्या पानावर टिपून ठेवायचे, इंग्रजी उत्तर नंतर. पहिली दोन-तीन पानं त्याने कुणाला दाखवली नाहीत, पण रील्सची वेळ निम्म्यावर आली. मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलांची तथाकथित चालढकल ही मुळात भाषेची धाप असते, हे आम्हा शिक्षकांनाही उशिरा कळतं.

चार दिवसांनी तुमचे रकाने वाचा. बहुतेक वेळा एकच कारण पुन्हा पुन्हा दिसेल. ‘नक्की काय करायचंय तेच कळत नाही’ असं निघालं, तर उपाय इच्छाशक्तीत शोधू नका. शिक्षकाला किंवा वर्गातल्या समजूतदार मुलीला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. कंटाळा निघाला, तर तुकडे लहान करा आणि सोबतीला कुणीतरी घ्या. ‘माझं लिखाण बघून हसतील’ अशी भीती निघाली, तर पहिला खर्डा मुद्दाम वाईट लिहायचा, आणि वर ‘खर्डा, वाचू नये’ असं ठळक लिहायचं.

आणि कधी वेगळंच निघतं. पहाटेची लोकल पकडून कसाऱ्याहून मुंबईला येणारी मुलगी, किंवा संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहणारा मुलगा, यांच्याकडे वेळच नसतो. त्याला चालढकल म्हणू नये. त्यांनी या लेखातल्या दुसऱ्या आणि चौथ्या पायरीपुरतं घ्यावं, बाकी सोडून द्यावं.

पायरी २: काम हाताने करता येईल एवढं लहान करा

‘प्रोजेक्ट करायचाय’ हे काम नव्हे, ती दुकानावरची पाटी झाली. यादीतल्या प्रत्येक ओळीत असं क्रियापद हवं जे हाताने करता येतं: उघडणे, उतरवणे, आखणे, विचारणे, मोजणे. ‘समजून घेणे’, ‘कव्हर करणे’, ‘बघणे’ ही क्रियापदं यादीतून हाकलून द्या. ती कधीच संपत नाहीत.

आधीच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा हे प्रकरण सगळ्यांचंच अडतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ. यादीत असं लिहा: गाईडने दिलेल्या पाच पेपरांपैकी पहिल्याचा सारांश आणि निष्कर्ष एवढंच वाचणे. मग त्यावर तीन ओळी लिहिणे, म्हणजे काय केलं, कशावर केलं, काय मिळालं. झालं. मधलं गणित आज वाचायचं नाही. पाच पेपरांच्या अशा पंधरा ओळी जमल्या की त्या पुढेमागे करून प्रकरणाचा सांगाडा उभा राहतो. जर्नलचंही तसंच: ‘प्रयोग ४, निरीक्षणांचा तक्ता पेनने उतरवणे.’ आलेख उद्या.

पहिला तुकडा दहा मिनिटांपेक्षा मोठा नको. सुरुवात झाली की पोटातला गोळा बराचसा विरघळतो, हा माझा आणि माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. न विरघळल्यास दहा मिनिटांनी उठायची मुभा ठेवा, आणि ती मनापासून ठेवा. स्वतःला फसवून बसवलंत, तर मन दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीकडे फिरकत नाही.

एक बारीकशी युक्तीही सांगतो. दिवसाचं लिखाण संपवताना वाक्य अर्धवट सोडायचं. ‘या आलेखावरून असं दिसतं की’ एवढ्यावर लॅपटॉप बंद. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झगडावं लागत नाही, वाक्य पुरं करावं लागतं.

पायरी ३: कधी आणि कुठे, ते आधीच ठरवा

पीटर गोल्वित्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक काम दिलं: नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली, ते दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांना फक्त काम सांगितलं. उरलेल्यांकडून हे कधी आणि कुठे बसून लिहिणार तेही ठरवून घेतलं. पहिल्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी वेळेत लिहिलं, दुसऱ्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी. फरक फक्त जागा आणि वेळ ठरवण्याचा.

आपल्याकडे ‘रोज दोन तास अभ्यास’ असं ठरवतात. त्याऐवजी असं लिहा: ‘मेसमधून जेवून आलो की खोलीवर न जाता थेट अभ्यासिकेत, आणि बसल्याबसल्या प्रयोग ४ चा तक्ता.’ आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला नवं काम बांधायचं. घरी राहत असाल, तर आईने कुकर लावला की बसायचं. घड्याळ चुकेल, कुकर चुकत नाही. अडथळ्यासाठीही एक ओळ ठेवा: ‘रूममेटने चहाला हाक मारली, तर चालू तक्ता पुरा करून जाईन.’

पायरी ४: अंदाज दीडपट करा आणि उलटं मोजा

आपण काम टाळतो त्याचं एक कारण म्हणजे ‘दोन दिवसांत होऊन जाईल’ असं आपल्याला खरोखर वाटत असतं. कॅनडात रॉजर ब्युहलर आणि सहकाऱ्यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, असं विचारल्यावर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. हे १९९४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे वाईटात वाईटाचा अंदाजही अपुराच पडला. तेव्हा तुमच्या मनात जो आकडा येईल त्याला दीडने गुणा, आणि लिखाणाचं काम असेल तर दोनने.

मग शेवटच्या तारखेपासून मागे या. समजा, रिपोर्ट १० एप्रिलला द्यायचाय. शेवटच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडे रांग असते, त्याला ३ दिवस: आले ७ एप्रिलवर. गाईडची आणि एचओडींची सही, सर्टिफिकेटचं पान, यांना २ दिवस: ५ एप्रिल. गाईडने लाल पेनने मारलेल्या दुरुस्त्या करायला ४ दिवस: १ एप्रिल. त्यांना वाचायला आठवडा: २५ मार्च. म्हणजे तुमची खरी तारीख २५ मार्च आहे, १० एप्रिल ही फक्त नोटीस बोर्डावरची. अधेमधे गुढीपाडवा येतो, गावची जत्रा येते, कॉलेजचं गॅदरिंग येतं. हे सगळे दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून टाका. त्या दिवशी अभ्यास होत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण दरवर्षी तो धरतो.

पायरी ५: मधल्या तारखा दुसऱ्याच्या हातात द्या

स्वतःला दिलेली तारीख स्वतःच पुढे सरकवता येते, हीच तिची अडचण. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ सालच्या अभ्यासात काही जणांनी तीन निबंधांच्या तारखा स्वतः ठरवल्या, तर काहींना सारख्या अंतराने नेमून दिल्या. नेमून दिलेल्यांना गुण बरे मिळाले. म्हणून गाईडला स्वतःहून सांगा, ‘सर, दर शुक्रवारी दोन पानं आणून दाखवतो.’ गाईड दाद देत नसतील (असेही असतात, काय करणार), तर वर्गातला एक जण पकडा. जिवलग मित्र नको, तो सांभाळून घेतो. ज्याच्यासमोर थोडी लाज वाटेल असा हवा. रविवारी रात्री नऊला एकमेकांना पानांचे फोटो पाठवायचे. पानं नसतील, तर पुढच्या वेळचा वडापाव तुमच्याकडून.

पायरी ६: बसल्यावर

इथे फार सांगण्यासारखं नाही. फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून उपडा ठेवलेला फोन हा फोनच असतो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली, तीच पोमोदोरो. ती चालते, पण २५ ला काही दैवी अर्थ नाही. गणितं सोडवताना मला ४० बरी वाटतात, कंटाळवाण्या टायपिंगला १५. घरात टीव्ही आणि पाहुणे असतील, तर अभ्यासिका शोधा. पुण्याच्या पेठांमध्ये तर त्या गल्लोगल्ली आहेत, जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय बघा.

पायरी ७: अभ्यासासारखी दिसणारी चालढकल ओळखा

ही सगळ्यांत बेरकी. मुलं दिवसभर पुस्तकापुढे असतात, घरचे खूश असतात, आणि अभ्यास होत नसतो. नोट्स सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवणे, तीन रंगांत अधोरेखित करणे, यूट्यूबवर ‘वन शॉट’ लेक्चर दीडच्या वेगाने ऐकणे, गेल्या दहा वर्षांचे पेपर गोळा करून स्पायरल करणे आणि ते न सोडवणे. हे सुखाचं असतं कारण यात चूक होण्याची शक्यताच नसते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते दोनदा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, दुसरे ७५. आठवड्याने चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, तेव्हा धडा एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं खरडा, मग उघडून चुका बघा. हे त्रासदायक वाटेल. वाटायलाच हवं.

पायरी ८: घसरल्यावर

आठवडाभर नीट चालेल आणि मग एक दिवस पूर्ण वाया जाईल. खरा धोका त्या दिवसात नसून त्या रात्री स्वतःला घातलेल्या शिव्यांत असतो. शिव्या घातल्या की ते काम आणखी नकोसं होतं, आणि नकोसं काम टाळलं जातं. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात मायकल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१० साली लिहिलं, की पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. मला हे आधी लाडावणं वाटलं होतं. आता वर्गात मी सांगतो, ‘काल गेला. आज दहा मिनिटांचा तुकडा कुठला?’ एवढंच. बुडालेले तास ‘भरून काढायला’ जाऊ नका. चार तासांचा अनुशेष उद्याच्या यादीत घातला की उद्याही बुडतो.

पाणी गळ्याशी आलं असेल तर

हा लेख वाचताना परीक्षा परवावर असेल, तर वरचं पुढच्या सेमिस्टरला. आत्ता सिलॅबसचं पान काढा आणि प्रत्येक युनिटपुढे दोन गोष्टी लिहा: मार्क किती, आणि मला आधीच किती येतं. मार्क जास्त आणि निम्मं येतंय, तिथून सुरू करा. अगदीच न येणारं अवघड युनिट सोडा, बिनधास्त. मागच्या तीन परीक्षांचे पेपर घ्या आणि वरच्या आठवून लिहायच्या पद्धतीने एकेक प्रश्न सोडवा. रात्रभर जागू नका, निदान पाच तास झोपा. एखादा विषय राहिलाच, तर एटीकेटीने वर्ष संपत नाही. मात्र इंटर्नल आणि टर्मवर्कचे मार्क सोडू नका, ते तासाभराच्या कामात मिळतात आणि पास-नापासच्या रेषेवर तेच हात देतात.

महिनोन्‌महिने झोप, भूक, मित्र, आवडीच्या गोष्टी, सगळ्यावरूनच मन उडालं असेल, किंवा लहानपणापासून कशातच दहा मिनिटं लक्ष टिकत नसेल, तर यादी आणि टायमर यांनी भागणार नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत आणि फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा.

शेवटी, मुदत उलटून गेलेल्यांसाठी. गाईडला चुकवत कॉरिडॉर बदलणारी मुलं मला रोज दिसतात, मीही एके काळी जिन्याच्या दुसऱ्या टोकाने उतरायचो. आम्हाला राग उशिरापेक्षा गायब होण्याचा येतो. आजारपणाच्या, लग्नाच्या, लॅपटॉप बिघडल्याच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्यात. त्यापेक्षा आजच एवढा मेसेज पाठवा: ‘सर, रिपोर्ट वेळेत झाला नाही, चूक माझी. पहिली दोन प्रकरणं सोबत जोडली आहेत, कच्ची आहेत. तिसरं शुक्रवारी दुपारपर्यंत देतो. तुम्हाला कधी भेटू?’ आणि दोन प्रकरणं नसतील, तर जेवढी पानं आहेत तेवढीच जोडा.